कोठीच्या खोलीतला राउटर

नव्या घरात राउटर बसवायला गेलो की पिशवी खाली ठेवायच्या आधी मी एक प्रश्न विचारतो, "नेट लागतं कोणाला?" या प्रश्नावर घरातले सगळे एकमेकांकडे बघतात. मग कर्ता पुरुष म्हणतो, लागतं सगळ्यांनाच, तुम्ही हॉलमध्ये टीव्हीशेजारी लावून टाका. टीव्हीशेजारी लावणं माझ्याही सोयीचं असतं. वायर तिथवर आलेली असते, चहा येईपर्यंत काम उरकतं. पण मी अडून बसतो आणि पुन्हा विचारतो. त्यामुळे आमच्या एजन्सीत माझ्या पाठीमागे मला 'चौकशीवाले काका' म्हणतात, हे मला ठाऊक आहे.

माझी सगळी नोकरी टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात गेली. राहुरी, देवळाली प्रवरा आणि कालव्याकडेच्या वस्त्या, एवढा माझा मुलूख. निवृत्तीनंतर घरी बसून बायकोच्या स्वयंपाकात खोड्या काढू लागलो, तेव्हा तिनेच मला पुन्हा कामाला लावलं. खांब तेच, वायर तेवढी बदलली. टेलिफोनच्या दिवसांत यंत्र एका जागी असायचं आणि घंटी वाजली की सारं घर त्याच्याभोवती गोळा व्हायचं. आता माणसं आपापल्या कोपऱ्यात बसतात आणि नेट त्यांच्यापर्यंत पोचवायचं काम माझ्याकडे आहे. हे चांगलं झालं की वाईट, यावर मी बराच विचार केला आहे. घंटीभोवती गोळा होणाऱ्या त्या माणसांची आठवण मात्र येते.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, राउटर म्हणजे काही जादू नव्हे. खांबावरून आलेल्या वायरीतलं नेट तो घरभर हवेतून फेकतो. वाटेत विटांची भिंत आली तर थोडं गळतं, दगडाची आली तर जास्त. पाण्याची टाकी, फ्रीज, लोखंडी कपाट यांच्यापुढे तर तो हात टेकतो. त्याची जागा घराच्या मधोमध आणि उंचावर. त्यात दोन लहरी असतात. एक वेगवान, पण भिंतीपाशी लवकर दमते. दुसरी जरा संथ, पण लांबवर जाते. जवळ बसणाऱ्याने पहिली धरावी, लांबच्याने दुसरी. यापेक्षा अवघड त्यात काही नाही.

पण लोक राउटर घेतात तो शिंगं मोजून. दुकानात गेले की जनावरांच्या बाजारात उभे राहिल्यासारखे चारी बाजूंनी बघतात, आणि ज्याला अँटेना जास्त तो जोरकस, असं ठरवून टाकतात. चुकीच्या जागी ठेवलेल्या राउटरला कितीही अँटेना असल्या तरी त्या नुसत्या उभ्याच राहतात. राहुरीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी तर भारीतला राउटर आणला आणि नातवाने रात्रंदिवस खेळू नये म्हणून लोखंडी कपाटात कुलूप लावून ठेवला. नेट कुणालाच मिळेना, तर त्यांनी कंपनीला लेखी तक्रार केली. मी जाऊन कपाट उघडून दाखवलं, तेव्हा म्हणाले की मग कपाटातून चालेल असा राउटर द्या.

दसरा मात्र आमचा खास हंगाम. खंडेनवमीला आपल्याकडे औजारं धुऊन-पुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात. विळा, खुरपं, पाना, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर, आणि आता त्यांच्या रांगेत राउटर. भक्तिभाव चांगला असतो, पण राउटरला वरून बारीक भोकं असतात. त्यांतून हळद जाते, फुलाने शिंपडलेलं पाणी जातं. दुसऱ्या दिवसापासून माझा फोन थांबत नाही. 'काका, नेट गेलं.' मी विचारतो, पूजा केली होती का? पलीकडून हळूच 'हो' येतं. मी वैतागतो, पण पिशवीत एक जास्तीचा राउटर टाकूनच त्या दिवशी घराबाहेर पडतो.

आता ज्या घराची गोष्ट सांगायला बसलो त्या घराकडे येतो. देवळाली प्रवराच्या अलीकडे कालव्याच्या कडेला दत्ता नावाच्या एका तरुण शेतकऱ्याची वस्ती आहे. घरात तिघंच. दत्ता, त्याची आई सगुणाबाई आणि बायको स्वाती. दत्ताचे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. स्वाती गणित घेऊन शिकलेली, शिक्षिकेचं प्रशिक्षणही झालेलं, पण नोकरीसाठी अर्ज करकरून थकली होती. शेवटी आखाती देशांत राहणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना घरबसल्या गणित शिकवायचं काम एका कंपनीकडून मिळालं. आयुष्यातली तिची ही पहिली नोकरी. वस्ती सखल भागात, चहूबाजूंनी ऊस, त्यामुळे मोबाईलला रेंज नावाला. म्हणून दत्ताने फायबर घ्यायचं ठरवलं.

मी गेलो तेव्हा रब्बीची काढणी चालू होती. माझा नेहमीचा प्रश्न विचारला. दत्ता हॉलकडे बोट दाखवत होता. स्वाती हळूच म्हणाली, "काका, माझे तास मागच्या खोलीत असतात. हॉलमध्ये मी घेऊन बघितले. अपूर्णांक शिकवत होते आणि शेजारचे आण्णा मागे येऊन बसले, दत्ता कुठंय म्हणून विचारायला लागले. मुलांनी त्यांना नमस्कार केला."

मी हसलो. राउटर हॉलमध्येच लावला, कारण तिथून मागच्या खोलीत जाऊन पाहिलं तर नेट भरपूर येत होतं. दोन्ही लहरी तपासल्या, लॅपटॉपवर चित्र अडकत नव्हतं. अंगणात सगुणाबाई पत्र्याच्या कोठ्या धुऊन उन्हात वाळवत होत्या. पुरुषभर उंचीच्या गोल कोठ्या, ओळीने उलट्या घातलेल्या. त्यांतल्या एकीला मी शिडी टेकवली होती, तर बाईंनी पोचा पडेल म्हणून ती काढायला लावली. चांगलं काम झालं या समाधानात मी घरी आलो.

थोड्याच दिवसांत दत्ताचा फोन आला. नेट हॉलमध्ये पळतंय, मागच्या खोलीत मरतंय. मी गेलो, वायर तपासली, राउटर बंद करून चालू केला, लॅपटॉपला दोष दिला, विजेला दोष दिला आणि परत आलो. पुन्हा फोन. या वेळी वायरीचं टोक नवीन जोडलं. मग दत्ताने मला न विचारता राहात्याच्या बाजारातून भरपूर अँटेनांचा राउटर आणला. त्यानेही फरक पडेना. स्वाती तास घ्यायची तेव्हा मध्येच तिचं चित्र थिजायचं आणि पलीकडची मुलं 'टीचर, टीचर' म्हणत राहायची. पालकांनी तक्रारी केल्या. कंपनीने तिला कळवलं की आता एकदा जरी तास तुटला तर तिची मुलं दुसऱ्या शिक्षिकेकडे दिली जातील.

हे तिने मला फोनवर सांगितलं. आवाज अगदी शांत होता. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. संध्याकाळी तास होता, मी दुपारीच वस्तीवर पोचलो.

या खेपेला ठरवलं होतं की काहीही गृहीत धरायचं नाही. मोबाईल हातात धरून हॉलपासून निघालो आणि घराला बाहेरून वळसा घालत गेलो. हॉलच्या भिंतीलगत नेट भरपूर. पुढे एक बंद खिडकी होती, ती ओलांडली आणि नेट एकदम खाली बसलं. मागे आलो तर परत भरपूर. पुन्हा पुढे गेलो, पुन्हा तेच. स्वाती माझ्या मागे चालत होती. मी विचारलं, ही कसली खोली?

"कोठीची. आत्याबाईंची." सासूबाईंना ती आत्याबाई म्हणायची.

"आत काय आहे?"

"धान्य. गहू, बाजरी."

"पोत्यांत का?"

"नाही, पत्र्याच्या..." एवढं म्हणून ती थांबली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मी पहिल्यांदा आलो तेव्हा त्या सगळ्या कोठ्या अंगणात उन्हात होत्या. हॉल आणि मागची खोली यांच्यामधली ती खोली त्या दिवशी रिकामी होती. नंतर नवा गहू आला, कोठ्या आत गेल्या, भिंतीला भिंत लागावी तशा ओळीने उभ्या राहिल्या, आणि हॉलमधून येणारं नेट त्यांच्यावर आपटून तिथेच संपू लागलं. मी इतक्या वेळा या घरात येऊन गेलो, त्या खोलीच्या दारावरून जाऊन आलो, आणि एकदाही ते दार उघडून बघावंसं वाटलं नाही. खरं तर बघूच दिलं नसतं. आमच्याकडे जुनी माणसं भरलेल्या कोठीपाशी परक्या माणसाला नेत नाहीत. नारळ फोडून, कडुलिंबाचा पाला घालून धान्य भरायचं, झाकण लावायचं आणि त्यावर बाहेरच्याची नजर पडू द्यायची नाही. सगुणाबाई त्यातल्या कडक. दत्तासुद्धा चपला काढून, आईला सांगून आत जायचा.

बाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. कोठ्या हलवायचं कुणाच्या मनातही नव्हतं, भरल्या कोठ्या हलणाऱ्याही नव्हत्या. पण राउटर त्या खोलीत, कोठ्यांच्या वर उंच भिंतीला लावला तर पत्र्यांच्या डोक्यावरून दोन्हीकडे नेट जाईल. घराच्या बरोबर मध्यावर तीच जागा होती.

बाईंनी हातातला लसूण सोलून पुरा केला. मग म्हणाल्या, "त्या खोलीत न्हाई. मोबाईलवर बोलाया एवढं घर पडलंय, तिथं कुठंबी लावा."

दत्ता आईशी वाद घालायला पुढे झाला. स्वातीने त्याला खुणेनेच थांबवलं आणि मला म्हणाली, "राहू द्या काका. मी कंपनीला कळवते. नाहीतरी त्यांनी दुसरी बाई बघितलीच असेल." आणि ती आत निघून गेली. मला तिचा राग आला. एवढ्या चटकन सोडून द्यायचं असतं का? मग लक्षात आलं की हे चटकन नव्हतं. रोज थोडं थोडं सोडत ती इथवर आली होती.

मी दत्ताला म्हणालो की दुसरा मार्ग आहे. हॉलमधून वायर बाहेर काढायची, गोठ्यावरून वळसा घालून मागच्या खोलीत न्यायची आणि तिथे दुसरा राउटर बसवायचा. गोठ्यात उंदीर, छपरावर खारी, त्यामुळे अधूनमधून वायर कुरतडली जाईल, पण मी येऊन जोडून देईन. कोठीच्या खोलीला हात लावायची गरज नाही. आजचा तास तर तसाच निभावू. पिशवीतलं वायरीचं भेंडोळं काढलं, खिडकीतून बाहेर सोडलं, गोठ्यातल्या म्हशीला बाजूला सारलं आणि दुसरं टोक स्वातीच्या खिडकीतून थेट लॅपटॉपला जोडलं. ती तोंड धुऊन आली, साडी नीट केली आणि लॅपटॉपसमोर बसली.

तास सुरू झाला. मी वायरीवर कुणी पाय देऊ नये म्हणून पडवीत उभा होतो. स्वातीचं तोंड भिंतीकडे होतं. थोड्या वेळाने सगुणाबाई आल्या आणि तिच्या दाराआड भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पलीकडे एक मुलगी होती, तिला भागाकार येत नव्हता. ती रडवेली होऊन म्हणत होती की मला गणित जमतच नाही, आई म्हणते मी मठ्ठ आहे. स्वातीने गणित बाजूला ठेवलं. आमच्या घरी अमुक एवढा गहू आला, तो इतक्या कोठ्यांत सारखा भरायचा आहे, तू भरून दे, असं म्हणाली. मुलगी चुकली. स्वाती म्हणाली, गहू सांडला, गोळा कर, पुन्हा भर. ती पुन्हा चुकली. पुन्हा गोळा केला. आवाज एकदाही चढला नाही. शेवटी मुलीचं उत्तर बरोबर आलं आणि ती अशी काही हसली की मलाही बाहेर हसू फुटलं. नेट एकदाही तुटलं नाही.

सगुणाबाई बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मग पडवीत माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात विचारलं, "हे असं रोज करती व्हय ती?"

"रोज," मी म्हणालो.

"मला वाटलं, मोबाईलवर बोलती." त्यांनी खिडकीतून गोठ्याकडे गेलेल्या वायरीकडे पाहिलं. "ती वायर काढा भाऊ. घरातलं काम हाय, मंग गोठ्यावरनं चोरावानी कशाला न्यायचं? आतनं न्या."

तास संपल्यावर त्यांनी स्वतः कोठीच्या खोलीची कडी काढली. मी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि आत गेलो. खोलीत नव्या गव्हाचा आणि वाळल्या कडुलिंबाचा वास होता. कोठ्या छातीला छाती लावून उभ्या होत्या. मी स्टुलावर चढून भिंतीला भोक पाडत होतो आणि बाई खाली उभ्या राहून सांगत होत्या. त्यांचं माहेर पाथर्डीकडचं. आई-बाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे. "घरी एक कोठी हुती. आमी भैनी तिच्यावर थाप मारायचो. लई मोठ्यानं वाजायची, आत काय नसायचंच. ह्या घरी आले तवा पयल्यांदा भरलेली कोठी बघितली. थाप मारली तर आवाजच आला न्हाई." त्यांनी शेजारच्या कोठीवर हात ठेवला. "म्हून जपते भाऊ. दुसरं काय न्हाई."

त्या कोठ्या कुणाला दाखवत नाहीत तो श्रीमंतीचा तोरा, असं मी मनात धरून बसलो होतो.

राउटर वर लावला. दत्ताने आणलेलाच लावला, अँटेना तेवढ्या दोन्ही बाजूंना वळवून दिल्या. वीज गेल्यावर चालावा म्हणून शेजारी छोटी बॅटरी बसवली. मागच्या खोलीत नेट भरपूर, हॉलमध्ये भरपूर, गोठ्यातसुद्धा येत होतं. बाईंनी विचारलं की हा हिरवा दिवा रोज जळणार का. मी हो म्हटलं. "जळू द्या," म्हणाल्या. त्या उन्हाळ्यात स्वातीचा एकही तास तुटला नाही. तिची मुलं तिच्याकडेच राहिली.

मग पावसाळा गेला आणि गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला सकाळीच दत्ताचा फोन आला. "काका, आई म्हणते लगेच या. राउटरचं काम हाय." मी कपाळाला हात लावला. इतकं सगळं करून शेवटी हळदीनेच घात केला, असं म्हणत पिशवीत जास्तीचा राउटर टाकला आणि गाडीला किक मारली.

वस्तीवर हॉलमध्ये पाट मांडला होता. त्यावर खुरपी, विळे, पाने, दत्ताचा फवारणीचा पंप, बाईंचं धान्य मोजायचं माप, सगळं हळदकुंकू लावून ओळीने ठेवलेलं. राउटर नव्हता. दत्ता म्हणाला, आई कोठीच्या खोलीत आहे, जा तुम्ही. मी दारात चपला काढल्या.

बाई आत स्टुलावर चढलेल्या होत्या. राउटर जिथल्या तिथे होता, हिरवा दिवा चालू होता. त्याच्यावर हळदीचा कणही नव्हता. खाली हातभर अंतरावर भिंतीला हळदकुंकवाची पाच बोटं उमटवलेली होती. त्याखाली खिळ्याला झेंडूची माळ टांगलेली, आणि दोन कोठ्यांच्या झाकणांवर फळी टाकून तिच्यावर एक छोटा पाट ठेवला होता.

मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पलीकडून स्वातीचा आवाज येत होता, सकाळचा तास चालू होता. बाई सावकाश खाली उतरल्या आणि कुजबुजत म्हणाल्या, "भिंतीला लावलं तर चालतंय नव्हं? आत हळद गेली की मरतंय, असं स्वाती म्हनली. म्हून तुमाला बोलावलं, एकदा बघून घ्या."

मी म्हटलं, चालतंय, काही होत नाही. आणि विचारलं, की पूजा बाहेर पाटावर मांडलीय ना, मग इथे वर एवढा खटाटोप कशाला?

"भायेर समद्यांची औजारं मांडली," त्या म्हणाल्या. "सुनंचं न्हाई मांडलं तर कसं व्हईल? पन ते खाली काढलं असतं तर तिचा तास तुटला असता. म्हून मीच पाट वर आनला."

पिशवीतला जास्तीचा राउटर मी तसाच घरी परत आणला.